अकरावीनंतरची उन्हाळी सुट्टी आणि सीईटी: १०० पैकी ४१ मिळाले, आता पुढे?

इंदिरानगरची_आई | ११ एप्रिल

नमस्कार मंडळी. मुलीची अकरावी सायन्स (पीसीएम) नुकतीच संपली. वार्षिक परीक्षेत ७८ टक्के मिळाले, आम्ही पेढेही वाटले. आठवड्याभरानं कॉलेजातल्या सरांनी अकरावीच्याच पोर्शनवर सीईटीच्या (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या) धर्तीवर सराव परीक्षा घेतली. फिजिक्सचे २५ प्रश्न, केमिस्ट्रीचे २५, मॅथ्सचे २५. मॅथ्सला दोन-दोन गुण, म्हणजे एकूण १००. त्यात मिळाले ४१.

घरी आली ती थेट खोलीत. जेवायला उठली नाही. रात्री दहाला माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मला वाटत होतं मला येतं."

कॉलेज जूनच्या मध्यावर सुरू होईल, म्हणजे हातात नऊ आठवडे आहेत. इथे नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका क्लासनं व्हेकेशन बॅच सुचवली आहे. सकाळी ८ ते दुपारी २, फी ४० हजार, आणि सुट्टीतच बारावीचा निम्मा पोर्शन उरकून देतो म्हणतात. मिस्टरांचं म्हणणं, लावून टाकू, मागाहून हळहळ नको. मुलीचं म्हणणं, अकरावीच कच्ची आहे तर त्यावर बारावी कशी रचू? मी स्वतः कॉमर्सची, त्यामुळे दोघांपैकी कोणाचं बरोबर हे मला सांगता येत नाही.

ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. या नऊ आठवड्यांत नेमकं काय केलं आणि कशाचा उपयोग झाला?

गोदाकाठ | ११ एप्रिल

ताई, वाचतेय. आमच्याकडे पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) आहे, पण घरातलं चित्र अगदी हेच. माझा मुलगा गेले तीन दिवस पुस्तक उघडून नुसता पानाकडे बघत बसतो.

मखमलाबादकर | ११ एप्रिल

सरळ लातूरला पाठवा. वातावरणाचा फरक पडतो.

गणिताच्या_बाई | १२ एप्रिल

मी २२ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आहे. ताई, पहिली गोष्ट, ७८ आणि ४१ हे दोन्ही आकडे खरे आहेत. आपल्या वार्षिक परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. शेवटचं उत्तर चुकलं तरी सूत्र लिहिलं, किंमती भरल्या, तर निम्म्याहून जास्त गुण पदरात पडतात. सीईटीत चार पर्याय आणि एक बरोबर उत्तर, बाकी काही नाही. वेळेचा हिशोबही करून बघा. खऱ्या परीक्षेत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे १०८ सेकंद. आपल्या मुलांना एका गणिताला सहा-सात मिनिटं देण्याची सवय असते. तिला येत होतं, ते ५४ सेकंदांत येत नव्हतं. तिला हे नीट समजावून सांगा, कारण आत्ता ती स्वतःला ढ समजत बसली असणार.

दुसरी गोष्ट. सीईटीत अकरावीच्या पोर्शनला साधारण २० टक्के वाटा असतो. २०० पैकी ४० गुण. फिजिक्सचे १० प्रश्न, केमिस्ट्रीचे १०, मॅथ्सचे १०. बारावी सुरू झाली की या ४० गुणांकडे बघायला कोणालाही वेळ मिळत नाही. कॉलेज, प्रॅक्टिकल, जर्नल, बोर्डाची परीक्षा, यात अकरावीची पुस्तकं माळ्यावर जातात ती थेट मार्चमध्ये खाली येतात. म्हणून हे नऊ आठवडे त्या ४० गुणांचे आहेत असं मी दरवर्षी पालकांना सांगते.

आणि हिशोब ४० वरच थांबत नाही. बारावी फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स. अकरावीतले गतीचे नियम आणि घर्षण कच्चं असेल तर बँक्ड रोडचं गणित डोक्यावरून जातं. लिमिट आलं नाही तर डेरिव्हेटिव्ह नुसतं पाठांतर होतं. स्ट्रेट लाइन पक्की नसेल तर पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स कुठून येणार? मोल कन्सेप्ट डळमळीत असेल तर सोल्युशन्सच्या धड्यात मूल पहिल्याच पानावर अडकतं. तुमच्या मुलीनं जो प्रश्न विचारलाय तो अगदी बरोबर आहे. तिला स्वतःचं दुखणं कळलंय, हे लहान काम नाही.

आता काम सांगते. ती सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका टाकून दिली नाही ना? ती आणि उत्तरं घेऊन बसा. चुकलेला किंवा सोडलेला प्रत्येक प्रश्न चारपैकी एका ढिगात टाकायला सांगा. पहिला ढीग, वेळ संपला म्हणून सोडला. दुसरा, येत होतं पण घाईत चुकलं. तिसरा, सूत्र किंवा माहिती आठवली नाही. चौथा, मुळात कळलेलंच नाही. हे तिनं स्वतः करायचं, तुम्ही फक्त शेजारी बसा. चारही ढिगांचं औषध वेगळं आहे, आणि कुठला ढीग मोठा आहे ते कळल्याशिवाय ४० हजार भरू नका.

(लातूरबद्दल: तिथली मेहनत आणि शिस्त खरी आहे, पण अकरावी इथे करून बारावीच्या तोंडावर गाव, खोली, मेस, मैत्रिणी, सगळं बदलणं हा मोठा धक्का असतो. माझं मत 'नको' असं आहे.)

सातपूरचा_बाबा | १२ एप्रिल

बाईंचं म्हणणं पटलं, पण दुसरी बाजू मांडतो. आम्ही दोघंही कामावर जाणारे. मी एमआयडीसीत शिफ्टमध्ये, मिसेस सकाळी ९ ते ६. दोन वर्षांपूर्वी मुलाची अकरावी झाली तेव्हा आम्ही त्याला घरी अभ्यास करायला सांगून जायचो. पंधरा दिवसांनी कळलं की पोरगा दुपारी चारपर्यंत फोन घेऊन लोळत असतो. त्याला दोष देत नाही. १७ वर्षांचं लेकरू, एकटं, बाहेर ४० अंश ऊन, काय करणार? मग व्हेकेशन बॅच लावली. तिथे मुलं होती, वेळ ठरलेली होती, दर रविवारी टेस्ट होती. त्याचा फायदा झाला.

पण फी भरण्याआधी मी तीन गोष्टी विचारल्या होत्या, त्या तुम्हीही विचारा. एका बॅचमध्ये मुलं किती? टेस्टचे पेपर मुलांना घरी परत देतात का, की नुसते गुण सांगतात? शंका विचारायला वेगळा वेळ आहे का? आम्ही आधी ज्या क्लासमध्ये गेलो होतो तिथे तिन्हीची उत्तरं गोलमाल मिळाली, तिथून उठून आलो.

पिंपळगावकर | १३ एप्रिल

काकू, मी आत्ता नाशिकलाच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव पिंपळगाव बसवंतजवळ. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

माझी अकरावीनंतरची सुट्टी म्हणजे उन्हाळ कांद्याची सुट्टी. एप्रिलमध्ये काढणी, मग कांदा वाळवायचा, निवडायचा, चाळीत भरायचा. मजूर मिळत नाहीत, घरातल्या सगळ्यांना हात लावावा लागतो. क्लासचा प्रश्नच नव्हता. नाशिक सोडा, पिंपळगावच्या क्लासलाही रोज जाणं जमलं नसतं.

माझ्याकडं दोन वेळा होत्या. पहाटे साडेचार ते साडेसात, आणि रात्री जेवणानंतर तासभर. दिवसाचे चार तास फार तर. मी अकरावीचे धडे कागदावर लिहिले आणि पुढं तीन वेळच्या वाचनासाठी तीन रकाने आखले. पहाटे एक धडा पुस्तकातून वाचायचो, बालभारतीचंच पुस्तक, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतं. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिहायचो. सूत्रं, आकृत्या, व्याख्या. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते लाल पेनानं लिहायचो. पहिल्या दिवशी कागद जवळजवळ सगळा लाल. लय वाईट वाटलं होतं. पण तोच धडा आठवड्यानं केला तर निम्मा निळा, आणि तीन आठवड्यांनी केला तेव्हा लाल दोन-चार ओळी.

दिवसा चाळीत कांदा भरताना वडील प्रश्न विचारायचे. त्यांचं शिक्षण सातवी. मी सूत्रांची वही त्यांच्या हातात द्यायचो, ते धड्याचं नाव कसंबसं वाचायचे आणि म्हणायचे, "हां, सांग आता, हे काय असतं?" मग मला ते त्यांना समजेल असं सांगावं लागायचं. प्रोजेक्टाइल मोशन मी त्यांना पाटीतून चाळीत फेकलेल्या कांद्यावरून समजावलं होतं. फेकताना कांद्याला पुढची एक गती आणि वरची एक गती, पुढची तशीच राहते, वरची कमी होत जाते, मग उलटी होते. ते म्हणाले, "म्हणजे लांब टाकायचा तर लय वरही नको आन् लय सपाटही नको." ४५ अंश! तो प्रश्न मी आयुष्यात चुकणार नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून रात्रीच्या तासात फक्त प्रश्न सोडवायचो, फोनवर घड्याळ लावून. ५० मिनिटांत ५० प्रश्न, फिजिक्स-केमिस्ट्रीचे. सुरुवातीला ५० पैकी ३० पर्यंतच पोचायचो. एक गोष्ट लवकर कळली, सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जो अडला तो खूण करून पुढं जायचं, शेवटची दोन मिनिटं कोऱ्यांसाठी. हे सगळ्यांना माहीत असतं, पण घड्याळ चालू असताना हात तसा चालत नाही. त्याचा सराव लागतो.

मला शेवटी ९५ च्या वर पर्सेंटाइल आले. फार मोठा आकडा नाही, शहरातल्या पोरांना ९९ असतात. पण अकरावीचा पोर्शन मला बारावीत परत काढावा लागला नाही, तेवढं नक्की.

गोदाकाठ | १३ एप्रिल

वडिलांचा प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आलं रे. पर्सेंटाइलचं मला अजून नीट कळत नाही. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत ना?

गणिताच्या_बाई | १४ एप्रिल

नाही. परीक्षा अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. म्हणून मुलाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करतात. ९५ पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्राला बसलेल्यांपैकी ९५ टक्के मुलांचे गुण तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी. त्यामुळे सोप्या पेपरात दोन-तीन घाईच्या चुका फार महागात पडतात.

पिंपळगावकर, पुस्तक मिटून लिहिण्याची तुझी रीत मी वर्गात सांगणार आहे. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून मांडलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच झपाट्यानं पुसलं जातं, मग घसरण मंदावते. तू एक दिवस, एक आठवडा, तीन आठवडे असं अंतर ठेवून परत आलास, ते त्याच्यावरचंच औषध. आणि वाचण्यापेक्षा आठवून लिहिण्यानं जास्त टिकतं, हे तुला लाल पेनानं दाखवलं.

पुन्हा_एकदा | १६ एप्रिल

मी नीटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) रिपीटर आहे, नाशिक रोडला राहते. गोदाकाठ काकूंसाठी लिहितेय. पीसीबीवाल्यांनी एक फरक लक्षात घ्या. सीईटीत बायोलॉजीचे १०० प्रश्न असले तरी अकरावीचे मोजकेच धडे येतात. नीटमध्ये तसं नाही, अकरावी-बारावी दोन्ही पूर्ण, आणि भर एनसीईआरटीच्या पुस्तकांवर. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला ४ आणि चुकीला उणे १. म्हणजे सीईटीत कोरा सोडायचा नाही ही सवय नीटमध्ये नडते. तुमच्या मुलाला दोन्ही परीक्षा द्यायच्या असतील तर त्यानं सरावाच्या वेळी वहीच्या वर मोठ्या अक्षरात लिहावं, आज कुठली परीक्षा ते.

आणि एक मनापासून सांगते. माझ्या अकरावीच्या सुट्टीत मी १३-१४ तास बसायचे. पहिले बारा दिवस. तेराव्या दिवसापासून मला झोप येईना, झोपले तर पेपर राहिल्याचं स्वप्न पडायचं. दुपारच्या उकाड्यात पंख्याखाली बसून एकच पान चार-चारदा वाचायचे. मे महिना असाच गेला. आईला वाटायचं मुलगी अभ्यास करतेय, कारण पुस्तक समोर असायचं. या वर्षी मी सहा तास अभ्यास आणि सात तास झोप असं धरलंय आणि सराव पेपरचे गुण वाढताहेत. गोदाकाठ काकू, तुमचा मुलगा पानाकडे नुसता बघत बसतो लिहिलंत ना, त्याला आठ दिवस पुस्तकापासून लांब न्या. खरंच न्या.

गोदाकाठ | १६ एप्रिल

उद्याच माहेरी घेऊन जाते. थँक्यू बाळा.

इंदिरानगरची_आई | १७ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी ती प्रश्नपत्रिकेकडे बघायलाच तयार नव्हती, मी फक्त शेजारी बसून भाजी निवडत राहिले.

७५ पैकी ३३ बरोबर होते. फिजिक्स ११, केमिस्ट्री १४, मॅथ्स ८. उरलेले ४२ असे निघाले: वेळ संपला म्हणून सोडलेले १३. येत असून चुकलेले ९. आठवलं नाही असे १२. आणि मुळात कळलेलंच नाही असे फक्त ८.

फक्त ८! तिला वाटत होतं सगळंच येत नाही. सोडलेले १३ प्रश्न तिनं घरी घड्याळाशिवाय सोडवले तर त्यातले ७ आले.

येत असून चुकलेल्यांतला एक सांगते. नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग घेऊन त्यातल्या सहा अक्षरांची मांडणी किती प्रकारे होईल, दोन स्वर शेजारी-शेजारी येऊ नयेत अशी अट. तिनं स्वर शेजारी येणाऱ्या मांडण्या काढल्या, २४०. तो आकडा पर्यायात होताच, तिनं खूण केली आणि पुढे गेली. एकूण ७२० मधून वजा करून ४८० करायचे राहूनच गेले. "नॉट" हा शब्द तिनं वाचलाच नव्हता.

व्हेकेशन बॅच लावत नाही आहोत. मिस्टरांना ढिगांचा कागद दाखवला, ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "आठच आहेत की." त्या ८ प्रश्नांसाठी आमच्या सोसायटीतला इंजिनिअरिंगचा एक मुलगा आठवड्यातून तीन दिवस तासभर येणार आहे. सातपूरच्या दादांसारखी आमची अडचण नाही, मी दुपारी दोनपर्यंत घरी येते, त्यामुळे जमेल असं वाटतंय.

बाई, वेळापत्रक कसं ठेवावं? आणि त्या ९ चुकांचं काय करायचं?

गणिताच्या_बाई | १८ एप्रिल

वेळापत्रक उन्हाप्रमाणे ठेवा. नाशिकच्या पहाटेला अजून गारवा असतो, तो वाया घालवू नका. सकाळी ६ ते ८:३० मॅथ्स किंवा फिजिक्स, जे जड जातं ते. १० ते ११:३० केमिस्ट्री. दुपारी काही नाही. झोपू दे, पन्हं पिऊ दे, गोष्टीचं पुस्तक वाचू दे. संध्याकाळी ६:३० ते ८ घड्याळ लावून प्रश्न. साडेपाच तास झाले, पुरेसे आहेत. रविवारी एक पूर्ण सराव पेपर आणि त्याचे ढीग, बाकी सुट्टी.

त्या ९ चुकांसाठी एक वेगळी वही करा. नवीन, पातळ. प्रत्येक चूक एका ओळीत: प्रश्न काय होता, मी काय केलं, पुढच्या वेळी काय बघीन. दर रविवारी पेपरला बसण्याआधी ती वही पाच मिनिटं वाचायची. मुलांच्या घाईच्या चुका दिसायला वेगवेगळ्या, पण बघाल तर त्याच चार-पाच प्रकार फिरून येतात. एकाचं उणे चिन्ह हरवतं, एक सेंटिमीटरचे मीटर करत नाही, एक तुमच्या मुलीसारखं "नॉट" वाचत नाही.

आणि आकडेमोड. वर्गात आपण मुलांना लॉग टेबल वापरायला शिकवतो, सीईटीत ना लॉग टेबल ना कॅल्क्युलेटर. पायचा (π) वर्ग म्हणजे जवळजवळ १०, वर्गमूळ दोन १.४१, वर्गमूळ तीन १.७३, लॉग दोन ०.३०१, असे वीस-पंचवीस आकडे तोंडपाठ असू देत. पर्याय एकमेकांपासून लांब असतील तर ९.८ च्या जागी १० घेऊन मोकळं व्हायचं. यातच सोडलेल्या १३ पैकी निम्मे परत येतील बघा.

नाशिकरोडकर | २० एप्रिल

थोडं वेगळं पण कामाचं. मुलींच्या पालकांनी हे माहीत करून घ्या. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. म्हणजे सीईटीचे गुण वाढवणं हा चांगल्या कॉलेजइतकाच फीचाही प्रश्न आहे. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे, नॉन-क्रीमी लेयरचे कागद या सुट्टीतच काढून ठेवा. प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. माझ्या पुतणीचं त्यात फार धावपळीचं झालं होतं.

आणि बोर्डाकडे दुर्लक्ष नको. इंजिनिअरिंगला बारावीत पीसीएम ग्रुपला खुल्या वर्गात ४५ टक्के, राखीव वर्गात ४० टक्के लागतातच.

सातपूरचा_बाबा | २० एप्रिल

दाखल्यांचं सांगितलंत ते फार बरं झालं. धाकटी यंदा दहावीला आहे, आत्ताच फाइल करतो.

इंदिरानगरची_आई | १४ मे

महिना झाला, म्हणून लिहितेय. सगळं सुरळीत चाललंय असं नाही.

पहिले सोळा दिवस फार छान गेले. मग सिन्नरला दिराच्या मुलीचं लग्न, तीन दिवस हळद, मेंदी, वऱ्हाड. परत आलो तर लाइट गेलेले, रात्रभर उकाडा, आणि दुसऱ्या दिवशी तिला ताप. एकूण नऊ दिवस वही बंद. दहाव्या दिवशी तिनं वेळापत्रकाचा कागद भिंतीवरून काढला. म्हणाली, "हे मोडलंच आहे आता, राहू दे." मला काय बोलावं सुचेना. पिंपळगावकर, मी तिला तुझी पोस्ट वाचायला दिली. तिनं वाचली आणि विचारलं, "आई, याचेही दिवस बुडले असतील का गं?"

पिंपळगावकर | १४ मे

काकू, तिला सांगा, बुडले. मे महिन्यात अवकाळी आला होता, कांदा उघड्यावर होता. पाच दिवस आम्ही रात्रंदिवस ताडपत्री टाकत आणि काढत होतो. त्या पाच दिवसांत पुस्तकाचं तोंड बघितलं नाही. सहाव्या दिवशी मी बुडालेले धडे भरून काढायला गेलो आणि अजूनच गाळात गेलो. मग ते सोडून दिलं आणि त्या दिवशीच्या तारखेपासून पुढचे धडे घेतले. बुडालेले मागाहून रविवारी एक-एक करून बसवले. तिनं कागदावरच्या जुन्या तारखा खोडाव्यात आणि आजची तारीख टाकावी, एवढंच.

गणिताच्या_बाई | १५ मे

मीही हेच म्हणेन. आणि आता उरलेल्या चार आठवड्यांत सगळे धडे पुरे करायचा हट्ट नको. तिच्या कागदावर "आठवलं नाही" हा ढीग १२ चा होता ना, त्या १२ प्रश्नांचे धडे कुठले ते काढा. बहुतेक पाच-सहाच निघतील. तेवढे पक्के करा.

इंदिरानगरची_आई | १५ मे

सहा निघाले! स्ट्रेट लाइन, सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, साउंड, ऑप्टिक्स आणि हायड्रोकार्बन. नवीन कागद लावलाय भिंतीवर.

गोदाकाठ | २३ मे

आमचं सांगायचं राहिलं. मुलगा आठ दिवस मामाकडे गेला होता, विहिरीत पोहला, आंबे खाल्ले. आल्यावर स्वतःहून बायोलॉजीचं एनसीईआरटी घेऊन बसला. आता रोज रात्री मला एक आकृती तोंडी समजावून सांगतो. काल नेफ्रॉन झालं. मला आयुष्यात पहिल्यांदा किडनी कशी चालते ते कळलं.

इंदिरानगरची_आई | १५ जून

आज कॉलेज सुरू झालं. त्याआधी शनिवारी सरांनी पुन्हा तशीच परीक्षा घेतली. तेवढेच प्रश्न, तेवढाच वेळ, पेपर नवीन. फिजिक्स २५ पैकी १७, केमिस्ट्री १९, मॅथ्स १४. एकूण ६४.

कोरा एकही नाही. चुकलेले २५, त्यातले घाईचे ४. "नॉट" असलेले तीन प्रश्न होते, तिन्ही बरोबर. स्ट्रेट लाइन अजून रुसलेली आहे, पाचपैकी दोनच आले. ६४ म्हणजे फार काही नाही हे मला कळतं, तिच्या वर्गात ८० च्या पुढची मुलं आहेत. पण घरी आली, पिशवी ठेवली आणि हात-पाय न धुता पेपर घेऊन ढीग करायला बसली. मी काही सांगितलं नव्हतं. नंतर जेवली, दोन पोळ्या जास्त घेतल्या.

बाई, बारावी सुरू झाल्यावर अकरावीची उजळणी आठवड्यात किती ठेवावी?

गणिताच्या_बाई | १५ जून

शाब्बास तिला! आठवड्यात एक रविवारची सकाळ, दोन तास, त्याहून जास्त नको. एका रविवारी मॅथ्स, पुढच्या रविवारी फिजिक्स, मग केमिस्ट्री, असं फिरवत ठेवा. जुलैत वर्गात पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स सुरू होण्याआधी तेवढी स्ट्रेट लाइन करून घ्या. तीन प्रश्न कुठले चुकले ते इथे टाका, मी बघते.

पिंपळगावकर | १५ जून

भारी! काकू, एक विनंती. चुलतभाऊ यंदा अकरावीला गेलाय. चुकांच्या वहीचं एखादं पान कसं आखलंय ते लिहून पाठवाल का?

इंदिरानगरची_आई | १६ जून

तिलाच विचारून लिहितेय. पान आडवं धरून चार रकाने. पहिल्यात तारीख आणि धडा. दुसऱ्यात मी काय केलं. तिसऱ्यात काय करायला हवं होतं. चौथा रकाना तिनं स्वतः वाढवला, "परत झालं का?" त्यात तीच चूक पुन्हा झाली की तारीख टाकते. "नॉट वाचलं नाही" या ओळीपुढे २० एप्रिल, २७ एप्रिल, १८ मे अशा तीन तारखा आहेत, त्यापुढे जागा कोरी आहे. भावाला सांग, वही शंभर पानी पुरते.